पीलची बाटली उघडण्याआधी : पार्लर चालवणाऱ्या ताईंना खुलं पत्र

तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावांत ब्युटी पार्लर चालवणाऱ्या सगळ्या ताईंना,

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. हे पत्र तक्रारीचं नाही असं म्हणून मोकळं होता आलं असतं, पण तक्रार आहेच. तुळशीची लग्नं लागली की माझ्या ओपीडीत चेहरा ओढणीत गुंडाळून येणाऱ्या मुली वाढतात. गालांवर तपकिरी चट्टे, हनुवटीवर खपली, डोळ्यांखाली लाल सोललेली कातडी. काय लावलं होतं, असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, "पार्लरमध्ये पील केलं." कुठलं? किती टक्क्यांचं? किती मिनिटं ठेवलं? तिला ठाऊक नसतं. तिच्यासमोर फोन लावून तुम्हाला विचारलं, तर पुष्कळदा तुम्हालाही सांगता येत नाही, कारण बाटलीवर "ग्लो पील" किंवा "पार्टी पील" यापलीकडे वाचण्यासारखं काही नसतं.

हे पत्र अन्न व औषध प्रशासनाला लिहावं, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. तिकडे लिहिलं की पत्राला आवक क्रमांक मिळतो. तो मिळवायला माझी हरकत नाही, पण मुलीचा चेहरा आधी तुमच्या हातात येतो, म्हणून आधी तुम्हाला लिहिते आहे. माझ्या दारावरची पाटी एकदा वाचा : "त्वचारोग, कुष्ठरोग व गुप्तरोग तज्ज्ञ". आमच्या पदवीत हे तिन्ही विषय एकत्र शिकवतात, म्हणून पाटीवरही तिन्ही येतात. पण लग्नाच्या वयाच्या पोरीला घेऊन त्या पाटीखालून जिना चढताना आईचा जीव खालीवर होतो. ओळखीच्या कोणी पाहिलं तर? तुमच्याकडे यायला ती धास्ती नाही. मुलगी आयब्रो करायला येते, खुर्चीत बसते, आरशात बघते आणि म्हणते, "ताई, या डागांचं काहीतरी करा ना." त्या क्षणी तुम्ही काय कराल, यावर तिचे पुढचे कितीतरी महिने अवलंबून असतात.

मी पीलच्या विरोधात नाही. मी स्वतः पील करते. तेलकट चेहरा, नाकावर आणि हनुवटीवर काळ्या-पांढऱ्या कणांचा सडा, मुरूम बसल्यावर मागे राहिलेले सपाट तपकिरी डाग, अशा मुलीला औषधांच्या जोडीने पील दिलं तर फरक चांगला पडतो, कधीकधी नुसत्या क्रीमपेक्षा लवकर. पण पील म्हणजे आम्लाने त्वचेला मोजूनमापून केलेली इजा आहे. वरचा थर सुटतो आणि खालून नवा येतो. यातलं "मोजूनमापून" गाळलं की फक्त इजा उरते.

ही विद्या तशी जुनी. जर्मनीत हॅम्बुर्गला पॉल गेर्सन उन्ना नावाचे त्वचारोगतज्ज्ञ होते. त्यांनी १८८२ मध्येच सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल आणि ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल यांचे त्वचेवरचे परिणाम लिहून ठेवले. तुम्ही ज्याला टीसीए म्हणता ते हेच शेवटचं. ग्लायकोलिक आणि लॅक्टिक ही मंडळी त्वचेच्या उपचारात बरीच नंतर आली. १९७४ मध्ये अमेरिकेत व्हॅन स्कॉट आणि यू यांनी जन्मजात खवलेदार त्वचेच्या आजारावर त्यांचा उपयोग दाखवला आणि पुढे सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्याने ती उचलली. सांगायचा मुद्दा हा, की आज "कोरियन टेक्नॉलॉजी" म्हणून जे तुम्हाला विकलं जातं, त्याच्या पोटात बहुधा यांच्यापैकीच कोणीतरी असतं. ते कोण आहे, एवढं तरी कळलं पाहिजे, कारण प्रत्येकाची चाल वेगळी.

सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून ते छिद्रात शिरून अडकलेला मळ सैल करतं. मुरुमांसाठी ते आमचं पहिल्या पसंतीचं आम्ल आहे. पीलच्या बाटलीत ते स्पिरिटमध्ये विरघळवलेलं असतं, आणि स्पिरिट उडालं की त्याचं काम बरंचसं आपोआप थांबतं. ग्लायकोलिकचा रेणू यांच्यात सगळ्यात लहान, तो भराभर आत जातो आणि कोणी थांबवल्याशिवाय थांबत नाही. वेळ झाली की सोड्याच्या पाण्याने किंवा भरपूर साध्या पाण्याने त्याला आवरावं लागतं. तुम्ही तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाचं थ्रेडिंग करायला गेलात, तर ते तुमची वाट बघत नाही. कडू बदामापासून मूळ सापडलेलं मँडेलिक रेणूने मोठं, म्हणून सावकाश उतरतं आणि आपल्या सावळ्या त्वचेला त्यातल्या त्यात मानवतं. टीसीएची गोष्टच निराळी. ते त्वचेतली प्रथिनं जागच्या जागी गोठवतं, आणि एकदा गोठवली की वरून सोडा ओता नाहीतर गंगाजल, झालेलं मागे फिरत नाही. ते किती खोल जाईल हे त्याच्या तीव्रतेवर आणि किती हात फिरवले यावर ठरतं. फिनॉल तर रक्तात उतरून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. जिथे ते वापरतात तिथे हृदयावर लक्ष ठेवणारं यंत्र जोडून वापरतात. ते नाव बाटलीवर दिसलं तर ती बाटली परत करा.

आता आपल्या रंगाबद्दल. पीलची बरीचशी जुनी पुस्तकं गोऱ्या कातडीवर बेतून लिहिलेली आहेत. १९७५ मध्ये हार्वर्डच्या फिट्झपॅट्रिक यांनी उन्हात त्वचा भाजते की रापते यावरून तिचे प्रकार पाडले, तेव्हा ते गोऱ्या लोकांपुरतेच होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडला गेला. आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्या प्रकारात येतो. आपल्या त्वचेत रंग बनवणाऱ्या पेशी गोऱ्यांपेक्षा जास्त नसतात, संख्या साधारण तेवढीच असते. पण आपल्या पेशी कामसू. डास चावला, मुरूम फोडला, कढईचं तेल उडालं, की त्या जागी जास्तीचा रंग ओतून मोकळ्या होतात. उन्हापासून वाचवणारा हा गुण पीलच्या बाबतीत मात्र अंगाशी येतो. गोऱ्या बाईच्या गालावर आम्ल जरा जास्त वेळ राहिलं तर ती दोन दिवस लाल होईल. तुमच्या गिऱ्हाइकाचा गाल आधी लाल होईल, मग तपकिरी, आणि तो तपकिरी डाग सहा महिने, वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ मुक्काम करेल. म्हणजे मुरुमांचे डाग घालवायला आलेली मुलगी पीलचे डाग घेऊन जाते, आणि हे दुसरे डाग पहिल्यांपेक्षा मोठे असतात.

मग ती पुन्हा तुमच्याकडे येते आणि त्या डागांसाठी अजून एक, जरा "स्ट्राँग" पील होतं. हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की पुढचं वाक्य मला आधीच कळतं.

स्ट्राँग म्हणजे किती, हाही एक घोळच आहे. पुरवठादाराचा माणूस येतो किंवा शहरातल्या हॉटेलात एक दिवसाचं वर्कशॉप होतं. दुपारचं जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र, आणि सोबत बाटल्यांचा सेट सवलतीत. तिथे टक्के शिकवतात. तीस टक्के सौम्य, सत्तर टक्के जोरदार. पण नुसत्या टक्क्यांवरून आम्लाचा जोर कळत नाही, पीएचही बघावा लागतो, म्हणजे आंबटपणाचा आकडा. तो जितका कमी, तितकं आम्ल जहाल. पाव किलो लवंगी मिरची आणि पाव किलो ब्याडगी, वजन तेवढंच, पण भाजीत पडल्यावर कळतं. ग्लायकोलिकचं तसंच आहे. पीएच ३.८ च्या आसपास असेल तर त्यातलं निम्मं आम्लच मोकळं, कामाला तयार असतं. पीएच खाली आला की जवळपास सगळंच मोकळं होतं. काहीही न मिसळलेल्या सत्तर टक्के ग्लायकोलिकचा पीएच एकच्याही खाली जातो. लिंबाच्या रसाचा दोन-अडीचच्या घरात असतो, आणि पीएचमध्ये एका आकड्याचा फरक म्हणजे दहा पटींचा फरक. अमेरिकेत प्रसाधनांचा आढावा घेणाऱ्या तज्ज्ञ समितीने ग्लायकोलिक-लॅक्टिकच्या वर्गातल्या आम्लांसाठी मर्यादा सुचवली आहे ती टक्के आणि पीएच दोन्ही मिळून : घरी वापरायच्या वस्तूत १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ च्या खाली नको, आणि प्रशिक्षित माणसाने सलूनमध्ये थोडा वेळ लावून धुवून टाकायच्या वस्तूत ३० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३ च्या खाली नको. हातातली बाटली फिरवून बघा. पीएच लिहिलाय का? लिहिला नसेल तर तुम्ही काय लावताय हे विकणाऱ्यालाही सांगायचं नाही, असं समजा.

(लिंबाचा विषय निघालाच आहे म्हणून. चेहऱ्यावर लिंबू चोळायला कृपा करून कोणालाच सांगू नका. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की फोड येऊन काळे पट्टे उमटतात. "घरगुती आहे, नैसर्गिक आहे" याचा त्याच्याशी काही संबंध नाही.)

दुसरी एक गोष्ट वर्कशॉपमध्ये अर्धवट शिकवली जाते, ती म्हणजे "पांढरं आलं की झालं". सॅलिसिलिक लावल्यावर चेहऱ्यावर पांढरी भुकटी दिसते. ते नुसते आम्लाचे कण, स्पिरिट उडाल्यावर उरलेले. ओल्या कापसाने पुसले की जातात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. टीसीएने येणारा पांढरेपणा मात्र त्वचा गोठल्याचा आहे. तो पुसला जात नाही, आणि तो जितका घट्ट पांढरा तितकी जखम खोल. दोन बाटल्या, दोन्हींवर पांढरं, अर्थ अगदी वेगळे. सॅलिसिलिकवर हात बसलेली ताई टीसीए लावते आणि पांढरं "नीट आलं नाही" म्हणून दुसरा हात फिरवते, तेव्हा जे होतं त्याला पुढे व्रण म्हणतात, आणि व्रणावर माझ्याकडे फारसं औषध नाही. तरीही टीसीएच्या तीव्र बाटल्या ऑनलाइन कोणालाही मिळतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये लोकांना जाहीर इशारा दिला, की तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय वापरायला असली तीव्र पील विकत घेऊ नका, भाजणं, संसर्ग आणि कायमचे व्रण होऊ शकतात. आपल्याकडेही मोबाइलवर दोन बोटं फिरवली की तीच बाटली तिसऱ्या दिवशी दारात येते.

पील वाईट न निघताही चेहरा बिघडतो, आणि त्याचं कारण असतं पॅकेज. नवरीच्या पॅकेजमध्ये ब्लीच, अप्पर लिप, चेहऱ्याचं वॅक्सिंग, वाफ, स्क्रब आणि पील, सगळं एका दुपारी उरकलेलं मी पाहिलं आहे. यातल्या प्रत्येक गोष्टीने त्वचेचा वरचा थर विरळ होतो किंवा मऊ पडतो. वाफेनंतर, स्क्रबनंतर तेच आम्ल दुप्पट मुलखात शिरतं. थ्रेडिंगने जिथे बारीक ओरखडे पडलेले असतात तिथे ते साचतं. ओठांच्या वर आणि भुवयांच्या कडेला काळे पट्टे घेऊन येणाऱ्या मुलींची गोष्ट बहुधा हीच असते. पील करायचं असेल त्याच्या आधी आठवडाभर तरी चेहऱ्यावर वॅक्सिंग, ब्लीच, थ्रेडिंग काही नको. मुलगी रात्री मुरुमांसाठी ट्रेटिनॉइन किंवा अडॅपलीनसारखं क्रीम लावत असेल, तर तेही काही दिवस आधी थांबवावं लागतं. ती ते लावते हे तुम्हाला विचारल्याशिवाय कळणार नाही.

आणि लग्न! चार दिवसांवर लग्न असताना पील करू नका, मुलीची आई कितीही गळ घालू दे. पीलनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कातडी सुटायला लागते, आणि नेमकी त्याच दिवशी हळद. बेसन, चंदन, हळद, वर मोहरीचं तेल, आणि दहा-बारा प्रेमळ हात गाल चोळायला. मग मांडवात दुपारचं ऊन, स्टेजवर दिवे, चेहऱ्यावर जाड मेकअप, आणि दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाच्या धुरात बसायचं. कोवळ्या कातडीचे याहून जास्त हाल करायचे म्हटले तरी सुचणार नाहीत. पीलच्या सिटिंग दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने होतात, त्यामुळे साखरपुडा झाल्याबरोबर सुरू केलं तर लग्नापर्यंत काही दिसेल. शेवटचं पील लग्नाआधी किमान महिनाभर झालेलं असावं. मे महिन्यातली लग्नं असतील, मुलगी स्कूटीवरून नोकरीला जात असेल किंवा शेतात राबत असेल, तर माझं मत विचाराल तर पील पावसाळ्यापर्यंत ठेवूनच द्या. सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी लावणं कापूस वेचणाऱ्या बाईला परवडतही नाही आणि जमतही नाही. तिला ते न जमणं हा तिचा दोष नाही, पण मग पीलही तिच्यासाठी नाही.

आता मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल बोलायचं आहे ते. काळं दिसलं की पील, हे गणितच चुकीचं आहे, कारण चेहऱ्यावरचा, मानेवरचा प्रत्येक काळेपणा वेगळ्या घरातून आलेला असतो.

मान घ्या. मानेच्या मागे, काखेत मखमली जाडसर काळेपणा, जोडीला वाढलेलं वजन, पाळी पुढेमागे. आई म्हणते पोरगी मान घासत नाही, आणि तुम्ही "नेक पील" सुचवता. तो मळ नाही, आणि उन्हाने आलेला रापही नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण आहे. त्या मुलीची रक्तातली साखर तपासायला हवी, वजन उतरायला हवं. मान उजळेल ती त्यानंतर. इथे तुमचं एक वाक्य, "बाळा, एकदा शुगर तपासून घे", तिला पुढच्या मधुमेहापासून वाचवू शकतं. कोणत्याही पीलपेक्षा ते मोठं काम आहे, आणि ते करायला माझी पदवी लागत नाही.

कानशिलं आणि कपाळाच्या कडेने राखाडी-निळसर झाक आली असेल तर आधी केसांच्या डायबद्दल विचारा. काळ्या मेंदीत आणि डायमध्ये जे रसायन रंग आणतं त्याची कित्येकींना ॲलर्जी असते, आणि ती खाजेऐवजी नुसत्या काळेपणानेही दिसते. कपाळाच्या मध्यावर काळा किंवा खाजरा डाग असेल तर कुंकू बघा. टिकलीच्या जागी पांढरा डाग पडला असेल तर तो टिकलीच्या गोंदाचा असू शकतो. दंडांवर, पाठीवर लाटांसारखा काळा नक्षीदार पट्टा असेल तर घासणी. आंघोळीला नायलॉनची घासणी घेऊन वर्षानुवर्षं खसाखसा घासणाऱ्या बायकांत तो दिसतो, आणि त्यावर पुन्हा स्क्रब म्हणजे आगीत तेल. या सगळ्यांवर आम्ल ओतलं तर त्वचा आणखी चिडते आणि आणखी काळी होते. कारण थांबवणं हा तिथला उपचार.

वांग हा त्यातला चिवट. दोन्ही गालांवर, नाकावर पसरलेला तपकिरी पट्टा, बाळंतपणानंतर किंवा गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावर आलेला. त्यावर पील ही दुसऱ्या फळीतली गोष्ट आहे. आधी उन्हापासून बचाव, मग औषधं, मग जमलंच तर सौम्य पील. बरा झाला असं वाटलं तरी पुढच्या उन्हाळ्यात तो परत येतो. वांग सहा सिटिंगमध्ये "मुळापासून" घालवून देतो, असं कोणी सांगत असेल, तर तो डॉक्टर असला तरी विश्वास ठेवू नका.

आणि मग स्टिरॉइडचा चेहरा. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी तीन औषधांचं एक मिश्रण सुचवलं, त्यात एक स्टिरॉइड होतं. वांगासाठी, थोडे आठवडे, डॉक्टरच्या नजरेखाली वापरायचं. आपल्याकडे त्याच जातीची क्रीम गोरं होण्यासाठी वर्षानुवर्षं पावडरसारखी लावली जातात. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये चौदा स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. मेडिकलवाल्याला नुसतं नाव सांगून ती आजही मिळतात हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. असा चेहरा ओळखायला सोपा आहे. गाल पातळ, गुलाबी, बारीक लाल शिरा दिसतात, चुलीजवळ गेलं की आग होते, क्रीम एक दिवस चुकवलं की लाली आणि पुटकुळ्या उसळतात, कधी हनुवटीवर बारीक केस येतात. अशा चेहऱ्यावर पील म्हणजे जखमेवर जखम. तिला क्रीमही एकदम बंद करायला सांगू नका, ते कसं उतरवायचं हे आम्हाला बघू द्या. तुमच्याकडे विनालेबल डबीत कोणी "नाइट क्रीम" ठेवायला देत असेल तर ते तर मुळीच ठेवू नका. २०२३ मध्ये अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या मायलेकींची मूत्रपिंडं बिघडली, मुंबईच्या केईएममध्ये तपास झाला आणि माग लागला तो चेहऱ्याला लावायच्या क्रीममधल्या पाऱ्याचा.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, डॉक्टरीणबाई सगळंच बंद करायला सांगतात, मग आम्ही दिवाळीचं भाडं भरायचं कशातून? रास्त आहे. म्हणून नेमकं सांगते. टीसीए, फिनॉल, जेसनर (सॅलिसिलिक, लॅक्टिक आणि रिसॉर्सिनॉलचं मिश्रण) आणि पीएच न लिहिलेली कुठलीही बाटली पार्लरमधून जाऊ द्या. ग्लायकोलिक ठेवायचंच असेल तर वर सांगितलेली सलूनची मर्यादा ओलांडू नका, आणि तेही गर्भार बाई, ओठाजवळ ताप उतल्यासारखे पाण्याचे फोड येऊन गेलेली, स्टिरॉइडचा चेहरा झालेली, चेहऱ्यावर ताजी जखम किंवा पिकलेले मोठे फोड असलेली, यांना नाही. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनची गोळी घेत असेल तर आधी तिच्या डॉक्टरला विचारा. पूर्वी गोळी बंद करून सहा महिने थांबायचं असा सरसकट नियम होता, आता वरवरच्या पीलबाबत तज्ज्ञ तितके कडक राहिलेले नाहीत, पण ते ठरवायचं काम तुमचं नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी विचारल्याशिवाय सॅलिसिलिकला हात लावू नका, आणि चेहरा, पाठ, छाती एकाच दिवशी तर कधीच नाही. ते अंगात उतरलं की कानात घूं घूं होतं, गरगरतं. पहिल्यांदा कानामागे थेंबभर लावून दोन दिवस बघा. वहीत तारीख, बाटलीचं नाव, टक्के, मिनिटं लिहा आणि आधीचा फोटो काढून ठेवा. उद्या काही झालं तर ती वही तुमच्याच बाजूने बोलेल.

आणि काही झालंच, म्हणजे आग थांबत नाही, फोड आला, कुठे राखाडी-पांढरं पडलं, तर नळाखाली भरपूर गार पाण्याने धुवा. टूथपेस्ट नको, कोरफड नको, कपाटातलं स्टिरॉइडचं क्रीम नको. त्याच दिवशी पाठवा. "दोन दिवस बघू" यात जे दोन दिवस जातात त्यातच डाग पक्का होतो. मी तुमच्यावर ओरडणार नाही. बाटली सोबत द्या, म्हणजे माझा अर्धा तास वाचेल.

आमच्या बाजूचं न सांगता थांबले तर हे पत्र एकांगी होईल. शहरातल्या चकचकीत क्लिनिकमध्ये सहा पीलचं पॅकेज आधी आणि तपासणी मागून, हा प्रकार डॉक्टरही करतात. त्वचेचा अभ्यास न केलेले इतर शाखांचे लोक "कॉस्मेटॉलॉजी"ची पाटी लावून बसतात आणि आमच्या संघटना परिषदांच्या जेवणावळींत त्यावर हळहळतात. पीलसाठीची मार्गदर्शक तत्त्वं भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच छापली आहेत. ती इंग्रजीत, आमच्याच नियतकालिकात, आमच्यासाठी. तुमच्यापर्यंत, मराठीत, कोणी आणली? मुरुमांवरचं सगळ्यात भरवशाचं औषध, अडॅपलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड, महिन्याकाठी एका फेशियलपेक्षा स्वस्त पडतं, पण ते लावल्यावर पहिले काही आठवडे चेहरा कोरडा पडतो आणि फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, हे मुलीला बसवून समजावायला ओपीडीच्या गर्दीत आमच्याकडे वेळ नसतो. तीन मिनिटांत चिठ्ठी हातात. ती मुलगी दहा दिवसांनी औषध सोडते आणि तुमच्याकडे येते. तुमच्याकडे निदान कोणी तिचं ऐकून घेतं.

म्हणून एक प्रस्ताव. तुमच्या तालुक्यातल्या पाच-दहा जणी मिळून एक दुपार ठरवा, कोणाच्याही पार्लरमध्ये. मी येते, फी नाही, प्रमाणपत्रही नाही. कपाटातल्या सगळ्या बाटल्या घेऊन या, रिकाम्या असल्या तरी चालतील. पीएच तपासायच्या पट्ट्या मी आणते. कुठली बाटली ठेवायची आणि कुठली फेकायची ते तिथेच ठरवू, आणि कोणाला कुठल्या डागासाठी माझ्याकडे पाठवायचं, ते फोटो दाखवून सांगते. पाठवलेल्या मुलीला पाटीची लाज वाटत असेल तर संध्याकाळी सातनंतर पाठवा, तेव्हा जिन्यात कोणी नसतं. गुरुवारी दुपारी मी मोकळी असते. तो वार जमत नसेल तर तुमचा सुट्टीचा वार कळवा.

तुमची,
जिल्ह्याच्या गावातली एक त्वचारोगतज्ज्ञ